'फटफटी'चा आवाज आणि नव्या जावाचा वाद : मोटारसायकलप्रेमींच्या प्रतिक्रियांचे आकलन

प्रस्तावना

१५ नोव्हेंबर २०१८ रोजी मुंबईत जावा या नावाच्या तीन मोटारसायकली एकाच वेळी जाहीर झाल्या. त्यांपैकी 'जावा' आणि 'जावा फोर्टी टू' या दोन लगेच विक्रीसाठी होत्या, तर 'पेराक' ही तिसरी पुढील वर्षी येणार होती. म्हैसूरचा जुना कारखाना १९९६ मध्ये बंद झाल्यानंतर बावीस वर्षांनी हे नाव भारतीय बाजारात परत येत होते. नोंदणी इतक्या वेगाने झाली की २५ डिसेंबर २०१८ रोजी ऑनलाइन नोंदणी थांबवण्यात आली. सप्टेंबर २०१९ पर्यंतच्या गाड्या विकल्या गेल्या आहेत, असे कंपनीने सांगितले. व्यापाराच्या भाषेत हे यशच होते. मात्र ज्यांच्याकडे जुनी जावा किंवा येझ्दी होती, जे ती चालवत आणि दुरुस्त करत आले होते, त्या वर्तुळात त्याच आठवड्यापासून वेगळा सूर उमटू लागला. ही जावा नव्हे, जावाचा मुखवटा आहे, असा तो सूर होता.

अशा प्रतिक्रियांची वासलात 'जुन्या लोकांचे स्मरणरंजन' या एका शब्दात लावण्याची सवय आपल्याकडे आहे. प्रस्तुत लेखाची भूमिका वेगळी आहे. नव्या जावाच्या रचनेवरील आक्षेप नीट तपासले तर त्यांमागे एक सुसंगत विचार असल्याचे दिसून येते. नव्या आराखड्याने डोळ्यांना ओळखू येईल ते बहुतेक सर्व राखले. कान, हात, पाय आणि नाक यांना जे ओळखू येत असे ते मात्र जवळजवळ सर्व गेले. वस्तूची ओळख नेमकी कशात असते, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात विचारला जातो तेव्हा तो अमूर्त वाटतो. मोटारसायकलप्रेमींनी तो अगदी मूर्त स्वरूपात विचारला, आणि त्याचे उत्तर शोधताना तंत्रविद्या, प्रदूषणाचे कायदे आणि कारागिरांची उपजीविका असे तिन्ही विषय हाती लागतात.

मुंबई ते म्हैसूर आणि पुन्हा मुंबई

जावा हे नाव चेक आहे. फ्रान्तिशेक यानेचेक या उद्योजकाने १९२९ मध्ये जर्मनीच्या वाँडरर कंपनीचे मोटारसायकलचे तंत्र विकत घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' हा शब्द तयार केला. दुसऱ्या महायुद्धानंतर या कारखान्याच्या दोन-स्ट्रोक गाड्या साध्या, टिकाऊ आणि स्वस्त म्हणून जगभर गेल्या. भारतात त्या आल्या मुंबईमार्गे. १९५० च्या दशकात मुंबईतील इराणी कुटुंब या गाड्यांची आयात करीत असे. पुढे आयातीवर निर्बंध आले, तेव्हा रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला 'आयडियल जावा' हा कारखाना उभारला आणि १९६१ पासून तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. चेक कंपनीबरोबरच्या परवान्याची मुदत सरल्यावर १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात टाकीवरील नाव बदलून 'येझ्दी' झाले. हे नाव इराणातील याझ्द शहरावरून आल्याचे सांगतात. चेक भाषेत 'येझ्दी' या क्रियापदाचा अर्थ 'ती चालते' असा होतो, हा योगही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

म्हैसूरचा कारखाना बंद पडल्यावर हे नाव वीस वर्षे भारतात मालकाविना राहिले. ऑक्टोबर २०१६ मध्ये महिंद्र समूहाने जावा हे नाव भारतात वापरण्याचा परवाना मिळवल्याचे जाहीर केले. त्यासाठीच्या 'क्लासिक लेजंड्स' या कंपनीत महिंद्रांसोबत अनुपम थरेजा आणि बोमन इराणी आहेत. बोमन इराणी हे रुस्तम इराणींचे पुत्र. म्हणजे वंशपरंपरेच्या दृष्टीने पाहता नव्या जावाचा दाखला अगदी चोख होता. तरीही वाद झालाच. रक्ताचे नाते आणि कागदावरचा परवाना या दोन्ही गोष्टी जागेवर असताना गाडी 'खरी' आहे की नाही हा प्रश्न उरतोच, हे या प्रकरणातून प्रथम ध्यानात येते.

दोन-स्ट्रोकचे गणित

जुनी जावा आणि येझ्दी यांचे इंजिन दोन-स्ट्रोक पद्धतीचे होते. या पद्धतीत पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली गेला की एक स्फोट पूर्ण होतो. म्हणजेच क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. चार-स्ट्रोक इंजिनात तोच स्फोट दोन फेऱ्यांतून एकदा होतो. दोन-स्ट्रोकमध्ये झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतील द्वारे पिस्टनच आपल्या हालचालीने उघडतो आणि झाकतो. हलणारे भाग थोडे, वजन कमी, दुरुस्ती सोपी. गावातल्या साध्या गॅरेजमध्येही हे इंजिन उघडून पुन्हा जोडता येई, त्यामागील कारण हेच.

या साधेपणाची किंमत मात्र धुरातून वसूल होत असे. या इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँकच्या खोलीतून जाते. तेथे वेगळे वंगण ठेवता येत नाही, म्हणून पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. लिटरमागे साधारण तीस ते पन्नास मिलिलिटर. हे तेल पेट्रोलबरोबर जळते आणि निळसर धूर होतो. दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. जळालेला वायू बाहेर जाण्याचे द्वार उघडे असतानाच ताजे मिश्रण आत येते आणि जुन्या वायूला बाहेर ढकलते. या ढकलाढकलीत ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातो. इंधन वाया जाते ते वेगळेच, पण हवेत मिसळणारे हायड्रोकार्बनही त्यामुळे वाढते. कार्ब्युरेटरच्या साध्या दोन-स्ट्रोक इंजिनात हा दोष कितीही काळजी घेतली तरी पूर्ण जात नाही, कारण तो त्या रचनेचाच भाग आहे.

भारतातील प्रदूषणाच्या मर्यादा याच ठिकाणी येऊन भिडल्या. दुचाकीच्या धुरातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांची एकत्रित मर्यादा १९९६ मध्ये किलोमीटरमागे ३.६ ग्रॅम होती. २००० मध्ये ती २ ग्रॅम, २००५ मध्ये दीड ग्रॅम आणि २०१० मध्ये १ ग्रॅम झाली. दोन-स्ट्रोक मोटारसायकली एकामागून एक बंद होत गेल्या आणि २०१८ पर्यंत नवी दोन-स्ट्रोक मोटारसायकल विकण्याचा विचारही व्यवहार्य राहिला नव्हता. त्यातच १२५ सीसीवरील दुचाक्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे होणार होते आणि एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू होणार होते. तेव्हा 'कंपनीने दोन-स्ट्रोक इंजिन का दिले नाही?' हा आक्षेप कंपनीच्या दारी ठेवण्यात अर्थ नव्हता. बहुतेक जाणत्या जावाप्रेमींनी तो तसा ठेवलाही नाही. त्यांचे म्हणणे याहून सूक्ष्म होते.

नवी जावा : काय राहिले, काय गेले

नव्या जावाची टाकी पाहून जुना मालक थबकत असे, हे मान्य केले पाहिजे. मरून रंग, क्रोमची चकाकी, बारीक सोनेरी रेघा, गोल दिवा, दोन्ही बाजूंना निमुळते होत जाणारे दोन सायलेन्सर हे सर्व काळजीपूर्वक उतरवले होते. इंजिनाच्या बाहेरील कवचालाही जुन्या अंडाकृती आकाराची आठवण होईल असे वळण दिले होते. एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर देणे आजच्या हिशेबात खर्चिकच. तरी ते दिले गेले.

आत मात्र २९३ सीसीचे, सुमारे २७ अश्वशक्तीचे, द्रवशीतित, चार झडपांचे चार-स्ट्रोक इंजिन आणि सहा गिअर होते. इंजिनाच्या मूळ जातकुळीचा शोध घेता ते महिंद्रांच्याच 'मोजो' या गाडीच्या इंजिनापर्यंत पोहोचते. द्रवशीतित इंजिनाला पाणी थंड करण्यासाठी रेडिएटर लागतो आणि तो समोरच, पुढच्या चाकामागे बसवावा लागतो. जुन्या जावात त्या जागी मोकळी हवा होती. पहिल्या दिवसापासून सर्वांत अधिक टीका झाली ती या काळ्या चौकटीवर. सिलिंडरवर फिन्स दिसत होत्या. परंतु जे इंजिन पाण्याने थंड होते त्याला फिन्सची तशी गरज नसते. जुन्या इंजिनात फिन्स हे काम होते, नव्यात ते अलंकरण झाले. जाणकारांना खटकले ते हेच. एखाद्या चिरेबंदी वाड्याच्या जागी सिमेंटची इमारत बांधून दर्शनी भागाला दगडाच्या पातळ चिपा चिकटवाव्यात, त्यातला हा प्रकार.

किक नव्हती. या आक्षेपाचे महत्त्व बाहेरच्या माणसाला सहज कळत नाही. जुन्या जावात किक आणि गिअर यांसाठी एकच दांडा होता. तो आत दाबून वर फिरवला की त्याची किक होई आणि गाडी सुरू झाल्यावर पुन्हा पुढे आणला की तोच गिअरचा दांडा. शिवाय गिअर टाकताना क्लच आपोआप सुटण्याची सोय त्यात होती, त्यामुळे हाताने क्लच न दाबताही गिअर बदलता येत असे. या गाडीवर नवखा माणूस बसला की गोंधळून जाई, आणि मालकाला त्याचा छुपा अभिमान वाटे. ही माहिती पुस्तकातून येत नसे. ती पायात मुरलेली असे. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत या ज्ञानाला जागा उरली नाही. ज्यांनी ते ज्ञान वर्षानुवर्षे कमावले होते, त्यांना आपण अचानक सामान्य गिऱ्हाईक झालो आहोत असे वाटले असल्यास नवल नाही.

काही आक्षेप निव्वळ व्यवहाराचे होते आणि त्यांची दखलही लवकर घेतली गेली. सुरुवातीच्या गाडीला मागे ड्रम ब्रेक होता. त्यावर टीका होताच मागे डिस्क ब्रेक आणि दोन्ही चाकांना एबीएस असलेली आवृत्ती थोड्याच दिवसांत जाहीर झाली. गाडी हातात मिळण्यास झालेला उशीर हाही नाराजीचा मोठा भाग होता, पण त्याचा रचनेशी संबंध नसल्याने येथे तो बाजूला ठेवतो.

'फटफटी' : कानाने केलेले नामकरण

मराठीने मोटारसायकलला 'फटफटी' म्हटले. इंग्रजीने या यंत्राचे नाव त्याच्या मोटारीवरून आणि चाकांवरून ठेवले. बोली मराठीने ते आवाजावरून ठेवले. हे नाव देणाऱ्या अज्ञात माणसाने गाडी पाहण्याआधी ऐकली असावी, असे म्हणण्याचा मोह होतो. तेव्हा आवाज बदलल्याची तक्रार ही आपल्याकडे दुय्यम मानण्याचे कारण नाही.

जुन्या जावाचा उभ्या जागेवरचा आवाज विशिष्ट होता. सलग गुणगुण नाही, तर थांबत थांबत, मध्येच ठोका चुकवत येणारा टणत्कारी ठेका. यामागेही दोन-स्ट्रोकचीच यंत्रणा आहे. इंजिन मंद फिरत असताना आतला जळालेला वायू पूर्ण बाहेर जात नाही, ताज्या मिश्रणात तो मिसळून राहतो आणि दर फेऱ्याला ठिणगी पडली तरी दर वेळी स्फोट होत नाही. दोन-तीन फेऱ्या रिकाम्या जातात, मग एक स्फोट होतो. अभियंत्याच्या दृष्टीने हा सदोष ज्वलनाचा पुरावा. रसिकाच्या दृष्टीने हीच गाडीची ओळख. एकच घटना एकाला दोष आणि दुसऱ्याला गुण वाटते, यातच या वादाचे मर्म आहे. कायद्याने जो दोष दूर करायला लावला तोच प्रेमाचा विषय होता. नव्या गाडीच्या सायलेन्सरच्या आवाजावर मुद्दाम काम केल्याचे सांगितले गेले आणि तो आवाज भरदार आहेही. पण चार-स्ट्रोक इंजिनाला ठोका चुकवायला शिकवता येत नाही.

आवाजाचा संबंध केवळ रसिकतेशी नाही. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावात राहणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. धोट्याच्या मागांच्या खोलीत बाहेरच्या माणसाला केवळ कर्कश खटखट ऐकू येते. तीतून कोणत्या मागाचा ठेका बिघडला आहे हे मुरलेला जॉबर दारातूनच ओळखतो. धोट्याचे माग जाऊन रॅपियरसारखे बिनधोट्याचे माग आले, की कापड चांगले निघते आणि उत्पादन वाढते, मात्र त्या कानाची किंमत उतरते. जावा-येझ्दीच्या मेकॅनिकचे ज्ञानही बऱ्याच अंशी कानातले होते. प्लग काळा पडला आहे, प्रज्वलनाची वेळ पुढे सरकली आहे, क्रँकचे बेअरिंग गेले आहे, हे तो गाडी उघडण्याआधी सांगे. नव्या इंजिनात इंधन फवारणारी आणि ठिणगीची वेळ ठरवणारी संगणकीय यंत्रणा आहे. तिचा बिघाड कळतो तो निदान-यंत्र जोडल्यावर, आणि हे यंत्र कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात असते. नव्या जावावरील नाराजीत या कारागिराचा आवाज सर्वांत क्षीण होता. प्रस्तुत लेखकाच्या मते नुकसान सर्वांत अधिक त्याचेच झाले.

आवाज ही मालमत्ता होऊ शकते काय, हा प्रश्न अमेरिकेत न्यायाच्या दारी गेला होता. हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९९४ मध्ये आपल्या इंजिनाच्या आवाजासाठी व्यापारचिन्हाचा अर्ज केला. प्रतिस्पर्ध्यांनी हरकती घेतल्या, अनेक वर्षे वाद चालला आणि २००० मध्ये कंपनीने अर्ज मागे घेतला. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने पोर्शेच्या साहाय्याने विकसित केलेल्या द्रवशीतित इंजिनाची 'व्ही-रॉड' आणली. यंत्र उत्तम होते, पण ही हार्ले नव्हे अशी तक्रार तिच्या वाट्याला कायम राहिली. मुंबईत २०१८ मध्ये रेडिएटरवरून झालेली चर्चा वाचताना या उदाहरणाची आठवण होते.

बुलेट आणि चेतक : दोन तुलना

आपल्याकडे अशाच वादाचे आधीचे उदाहरण बुलेटचे आहे. मद्रासला १९५५ पासून जोडल्या जाणाऱ्या या गाडीचे बिडाचे इंजिन अर्धशतक टिकले. त्याचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी होता. २००० नंतरच्या दशकात गिअर डावीकडे आला, आणि २००८ ते २०१० या काळात बिडाच्या इंजिनाची जागा इंजिन व गिअरबॉक्स एकाच कवचात असलेल्या ॲल्युमिनियमच्या नव्या इंजिनाने घेतली. तेलगळती थांबली, पण जुन्या चालकांनी 'ठोका गेला' म्हणून हळहळ केली, आणि जुन्या बिडाच्या इंजिनाच्या गाड्यांना शौकिनांमध्ये वेगळाच मान मिळू लागला. २०२१ मध्ये 'क्लासिक' आणि २०२३ मध्ये 'बुलेट' पुन्हा नव्या इंजिनावर गेल्या आणि किकही गेली. तरी बुलेटचे नाव वादात बुडाले नाही.

फरक काळाचा आहे. बुलेटचे उत्पादन कधी थांबले नाही. प्रत्येक बदल आधीच्या गाडीशी ताडून पाहता आला, एक पिढी रुसली तोवर दुसरी त्यावर शिकली. जावाच्या बाबतीत मधली बावीस वर्षे रिकामी होती. १९९६ नंतर जगभरच्या मोटारसायकलींमध्ये टप्प्याटप्प्याने झालेले सर्व बदल जावाप्रेमींसमोर एका सायंकाळी एकदम उभे राहिले. त्या गाडीची स्मृती गोठलेली होती, आणि गोठलेल्या स्मृतीशी कोणताही कारखाना बरोबरी करू शकत नाही.

चेतकचे उदाहरण याच्या उलट दिशेचे. बजाजने ऑक्टोबर २०१९ मध्ये हे जुने नाव विजेवर चालणाऱ्या नव्या स्कूटरला दिले. पत्र्याच्या चेतकवर वाढलेल्या महाराष्ट्रातील घरांनी कौतुक केले, थोडी थट्टा केली. पण 'ही खरी चेतक नव्हे' असा जोरकस वाद झाला नाही. कारण उघड आहे. विजेची स्कूटर इतकी वेगळी होती की ती जुन्या चेतकची जागा घेण्याचा दावा करीतच नव्हती. तेथे नाव ही केवळ आठवण होती. नव्या जावाने मात्र समोरासमोर साम्याचा दावा केला. साम्य जितके जवळचे, तितका उरलेला फरक बोचरा.

नाव कोणी सांभाळले?

नाराजीच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे आणि ती रचनेपेक्षा नैतिक स्वरूपाची आहे. १९९६ ते २०१८ या काळात जावाचे नाव कोणत्या कंपनीने जपले? कोणत्याही नाही. सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा मालकांनी ते एकमेकांत वाटून घेतले, भंगारातून शोधले, लेथवर करून घेतले. क्लब स्थापन झाले. बंगळुरूपासून पुण्या-मुंबईपर्यंत जुलै महिन्यात जावा दिन साजरा होऊ लागला. कारखान्याशिवाय एक यंत्र बावीस वर्षे रस्त्यावर राहिले ते या लोकांच्या खर्चाने आणि श्रमाने. नव्या कंपनीने विकत घेतला तो नावाचा परवाना. त्या नावाला २०१८ मध्ये बाजारात जे मोल होते त्याचा मोठा भाग या मंडळींनी टिकवून ठेवलेला होता. आपल्याला विचारले गेले नाही, ही त्यांची भावना हक्काच्या कायदेशीर चौकटीत बसत नाही, पण ती निराधारही नाही.

याचा अर्थ कंपनीने ऐकलेच नाही असा नाही. जानेवारी २०२४ मध्ये मूळ प्रतिरूपाच्या जागी 'जावा ३५०' आली. तिचे इंजिन ३३४ सीसीचे आहे. आकार वाढला, तरी कमाल शक्ती मात्र सुमारे साडेबावीस अश्वशक्तीवर आणली गेली आणि खेच कमी वेगात मिळेल अशी मांडणी झाली. चाकांमधील अंतर सुमारे ८० मिलिमीटरने वाढले, त्यामुळे गाडी जुन्या जावासारखी लांबट आणि भरलेली दिसू लागली. २०१८ च्या गाडीचा स्वभाव चपळ, वरच्या फेऱ्यांत खुलणारा होता. जुन्या जावाचा स्वभाव रमतगमत खेचत नेण्याचा. २०२४ चा बदल दिसण्यापेक्षा चालण्यात जुन्या गाडीच्या जवळ जाण्याचा प्रयत्न आहे, असे म्हणता येईल. ही दिशा योग्य वाटते. रेडिएटर अर्थातच तेथेच आहे.

आणि मूळ देशात तरी काय वेगळे घडले? चेक प्रजासत्ताकातील जावाने आपल्या ३५० च्या जुन्या घाटाच्या गाडीत चिनी बनावटीचे चार-स्ट्रोक इंजिन बसवले. शुद्धतेचा शोध घेत प्रागपर्यंत गेले तरी हाती फारसे काही लागत नाही.

कायद्याच्या लेखी 'मूळ'

या वादात कायद्याने पुढे नकळत एक मत नोंदवले. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने पुरातन वाहनांच्या नोंदणीचे नियम लागू केले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या खाजगी दुचाकी व चारचाकींना 'व्हीए' अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षे चालते. प्रदर्शन, शर्यतवजा फेरी, इंधन भरणे आणि दुरुस्ती याखेरीज अशी गाडी नित्य वापरात रस्त्यावर आणता येत नाही. चॅसिस, बाह्य सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट त्यात आहे. म्हणजे वाहनाचे मूळपण ठरवताना कायद्याने इंजिनाला बाहेरच्या रूपाच्या बरोबरीने स्थान दिले. ही भूमिका जावाप्रेमींच्या भूमिकेशी मिळतीजुळती आहे, जरी ती त्यांच्यासाठी लिहिलेली नव्हती.

म्हैसूरला बनलेल्या आणि टाकीवर 'जावा' लिहिलेल्या गाड्या आता पन्नाशीच्या पलीकडे गेल्या आहेत. येझ्दी हे नाव असलेल्या बहुसंख्य गाड्या मात्र या वयात यायच्या आहेत. त्यांना पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीच्या आणि पर्यावरण कराच्या सामान्य वाटेनेच जावे लागते. मधल्या वर्षांत भाग मिळत नसल्याने कितीतरी जावांना येझ्दीची इंजिने बसली, आणि येझ्दींना दोन-तीन गाड्यांमधून निवडलेले भाग. अशी गाडी सुरू केली की आवाज येतो तो खरा, जुना, ठोका चुकवणारा. पण तिच्या मालकाला आता गॅरेजमध्ये कोणी पहिला प्रश्न विचारतो तो आवाजाविषयी नसतो. इंजिन नंबर पुस्तकाशी जुळतो का, असा तो असतो.